एका पगारात कॅरॅव्हॅनची सुट्टी : कुठल्या क्रमाने काय करायचं

ब्रिटनमध्ये एका पगारावर घर चालवणाऱ्या मराठी कुटुंबाला समुद्रकाठची कॅरॅव्हॅनची सुट्टी परवडते. घोळ होतो तो क्रमात. आधी जाहिरातीतला स्वस्त आकडा दिसतो, मग घाईने बुकिंग, मग रजेचा अर्ज, आणि हिशोब सगळ्यात शेवटी. तोवर पास, चादरी, पेट्रोल आणि रोजचे चिप्स मिळून भाड्याएवढीच रक्कम वर चढलेली असते.

कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं छोटं घर, पुढे तिला नुसतं ‘व्हॅन’ही म्हटलंय. ती दोन प्रकारची. स्टॅटिक म्हणजे हॉलिडे पार्कमध्ये कायमची उभी असलेली. आत दोन-तीन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, आणि भाड्याने मिळणारी. टूरिंग म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची. खाली बहुतेक सगळं स्टॅटिकबद्दल आहे, कारण एका पगारात सुरुवात तिथूनच करावी. विकत घेण्याचा विषय शेवटी आहे, आणि तुमच्या डोक्यातही तो शेवटीच असू द्या.

१. आधी पैसे बाजूला, मग तारीख

सुट्टीचे पैसे भारतवारीच्या पैशांतून काढू नका. तिकिटांसाठी साठवलेल्या खात्याला एकदा हात लागला की डिसेंबरात क्रेडिट कार्ड बाहेर येतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये सुट्टीचं वेगळं खातं उघडा आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी त्यात ठरावीक रक्कम आपोआप जाईल असं लावून ठेवा.

मोठी भर घालायची संधी वर्षातून एकदा येते, आणि बऱ्याच घरांत ती लक्षातही येत नाही. काउन्सिल टॅक्सचे, म्हणजे इथल्या घरपट्टीचे, हप्ते सर्वसाधारणपणे दहा असतात, एप्रिल ते जानेवारी. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये हप्ता जात नाही. तुमचा हप्ता १८० पौंडांचा असेल तर दोन महिन्यांत ३६० पौंड हातात राहतात. ते किराणा आणि अ‍ॅमेझॉनमध्ये विरघळायच्या आत सुट्टीच्या खात्यात टाका. ज्यांनी बारा हप्ते मागून घेतले आहेत, त्यांना हा फायदा नाही.

व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत न घेण्याची अट असेल, तर चाइल्ड बेनिफिट हा मुलांसाठीचा सरकारी भत्ता मुळीच हिशोबात धरू नका. कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळालेल्यांना ते मिळू शकतं, पण एकाची कमाई ६०,००० पौंडांच्या वर गेली की ते टॅक्सच्या वाटेने परत जायला लागतं.

आता कागदावर संपूर्ण सुट्टीचा आकडा मांडा. चौघांसाठी चार रात्रींचा नमुना असा:

भाडं २०० पौंड
पार्कचे पास (तलाव, कार्यक्रम) ४०
पेट्रोल ५०
किराणा ७०
एकदा बाहेर फिश अँड चिप्स ४५
पावसाच्या दिवसासाठी राखीव ६०
एकूण ४६५

आकडे तुमचे घाला, पण ओळी याच ठेवा. भाडं एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आत बसलं पाहिजे. ते त्याच्या वर गेलं तर कमी रात्री घ्या. राखीव ६० पौंडांना कात्री लावू नका, इथल्या हवेत ते लागणारच.

तपासा: एकूण रकमेतले निम्मे पैसे खात्यात आहेत का? नसतील तर इथेच थांबा. ‘आत्ता बुक करा, नंतर भरा’ म्हणजे पुढच्या महिन्याच्या पगारातून आत्ताच उचल घेणं. घरात दुसरा पगार नसताना ती उचल फेडायला किराण्याखेरीज दुसरी जागा नसते.

२. तारीख : शाळा, रजा, मग दर

इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून शाळेच्या दंडाचे नियम देशभर सारखे झाले. दहा आठवड्यांच्या काळात परवानगीशिवाय दहा सत्रं, म्हणजे पाच शाळेचे दिवस बुडाले, तर दंडाचा विचार होतो. दंड दर पालकाला दर मुलामागे ८० पौंड, तोही २१ दिवसांत भरला तर. उशीर झाला तर १६०. दोन पालक, दोन मुलं म्हणजे ३२० पौंड. तीन वर्षांत त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा झाला तर थेट १६० चाच दर, आणि तिसऱ्यांदा प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. ज्यांचे व्हिसाचे अर्ज अजून व्हायचे आहेत त्यांनी या वाटेला जाऊच नये. स्वस्त आठवड्यात वाचलेले पैसे दंडातच संपतात.

दंड न भरता स्वस्त तारखा मिळण्याच्या जागा अशा आहेत:

मूल सक्तीच्या शालेय वयाचं झालेलं नसेल तर दंड नाही. हे वय पाचवा वाढदिवस झाल्यानंतरच्या शाळेच्या टर्मपासून धरतात. त्यामुळे रिसेप्शन या शाळेच्या पहिल्या वर्गातल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन जूनमधल्या सोमवारी निघता येतं. मोठं भावंड असलं की अर्थात ही सवलत कामाची नाही.

तुमच्या काउन्सिलच्या सुट्ट्या शेजारच्या काउन्सिलशी पडताळून बघा. लेस्टरच्या शाळांची उन्हाळी सुट्टी बाकी इंग्लंडच्या आधी लागते. तिथल्या कुटुंबांना जुलैच्या मध्याला किनाऱ्यावर जाता येतं, तेव्हा इतरांची मुलं अजून वर्गात असतात. पार्कचे दर देशभराच्या गर्दीवर ठरतात, म्हणून हा आठवडा सोन्यासारखा असतो. शाळेचा इन्सेट डे (शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा, मुलांना सुट्टीचा दिवस) शुक्रवारी किंवा सोमवारी आला असेल तर त्याला जोडून तीन रात्री घ्या.

उत्तर इंग्लंडमध्ये राहत असाल तर ऑगस्टच्या उत्तरार्धात स्कॉटलंडकडेही बघा. तिथल्या शाळा ऑगस्टच्या मध्याला उघडतात.

पार्कची चार रात्रींची खेप सहसा सोमवार ते शुक्रवार आणि तीन रात्रींची शुक्रवार ते सोमवार असते. सोमवारची खेप बहुधा स्वस्त पडते, कारण शनिवार-रविवार तिच्यात नसतो. रजा मात्र पाच दिवसांची जाते, तेव्हा भारतवारीसाठी साठवलेल्या रजेतून ती वजा होणार हे घरात आधी बोलून घ्या.

सावधान: रजा मंजूर झाल्याचं ई-मेल हातात येईपर्यंत बुकिंग नको. मॅनेजर तोंडी ‘शुड बी फाइन’ म्हणाला, याला मंजुरी म्हणत नाहीत.

३. जागा : अंतर आधी, समुद्र नंतर

पहिल्यांदा जाताना अडीच तासांच्या गाडीच्या अंतरातच बघा. मिडलंड्समधून स्केग्नेस, इंगोल्डमेल्स, मेबलथॉर्प. मँचेस्टर-लिव्हरपूलकडून उत्तर वेल्समधले ऱ्हिल आणि प्रेस्टॅटिन. ब्रिस्टलकडून ब्रीन आणि वेस्टन-सुपर-मेअर. लंडनच्या पूर्वेकडून क्लॅक्टन किंवा आइल ऑफ शेपी. कॉर्नवॉल सुंदर आहे, पण चार रात्रींसाठी दोन दिवस एम-५ मोटरवेवर बसायचं आणि पेट्रोल दुप्पट जाळायचं हे एका पगाराचं गणित नाही.

गाडी नसेल तरी अडत नाही. स्केग्नेस, ग्रेट यार्मथ, ऱ्हिल, प्रेस्टॅटिन या गावांना रेल्वे स्टेशन आहे. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्डवर मोठ्यांना एक तृतीयांश आणि ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के सूट मिळते. पाचाखालच्या मुलांना तिकीटच नाही. स्टेशनपासून पार्कपर्यंत बस आहे का हे मात्र आधी बघा. टॅक्सीच्या दोन फेऱ्यांत रेलकार्डची बचत जाते.

सावधान: ब्रीन आणि वेस्टनला ओहोटीच्या वेळी समुद्र फार दूर जातो आणि मागे चिखल राहतो. त्यात पाय रुततो. मुलांना पाण्यामागे धावू देऊ नका. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्रीच बघून ठेवा.

४. जाहिरात वाचायची कशी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

‘सहा जणांसाठी’ याचा अर्थ तीन खोल्या असा नाही. बहुतेकदा एका खोलीत डबल बेड, दुसरीत दोन अरुंद पलंग, आणि उरलेले दोघे बैठकीतल्या सोफ्यातून ओढून काढायच्या बेडवर. आई-बाबा भारतातून आले असतील आणि त्यांनाही न्यायचं असेल तर तीन खोल्यांची घ्या. बैठकीत झोपणाऱ्याला सगळे झोपेपर्यंत झोपता येत नाही, आणि पहाटे उठून चहा टाकणाऱ्या आजोबांमुळे पुढेही झोपता येत नाही. दाराशी दोन-तीन उभ्या पायऱ्या असतात. आजीचे गुडघे दुखत असतील तर कठडा आहे का, हे फोनवर विचारा. उताराची सोय असलेल्या व्हॅन काही पार्कमध्ये असतात, पण मोजक्याच.

मग दर्जा. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड ही नावं प्रत्येक पार्क आपापल्या मनाने देतं. तुम्ही दोनच प्रश्न विचारा: झोपायच्या खोल्यांत हीटर आहे का, आणि खिडक्यांना दुहेरी काच आहे का. स्वस्त व्हॅनमध्ये बैठकीत एक गॅसची शेगडी आणि बाकी सगळं थंड, असंही असतं. जुलैत ते चालतं. एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरच्या हाफ टर्मला, म्हणजे टर्मच्या मधल्या सुट्टीत, लहान मूल घेऊन चालत नाही. तेव्हा वरचे पैसे द्या आणि एक रात्र कमी करा.

भाड्यात काय नाही, हे लिहून घ्या. पोहण्याचा तलाव आणि संध्याकाळच्या कार्यक्रमांचे पास कधी वेगळे असतात, माणशी आणि दर दिवसाचे. रजई-उशा असतात, पण चादरी आणि अभ्रे नसू शकतात. टॉवेल तर सहसा नसतातच. ‘द सन’ वर्तमानपत्राची माणशी थोडक्या पौंडांपासूनची सुट्टीची योजना खरी आहे आणि एका पगाराला उपयोगीही आहे, पण तो आकडा भाड्याचा. जाहिरातीच्या तळाचे बारीक अक्षरातले खर्च मिळवूनच तुलना करा.

पास नको असतील तर तेही चालतं. मुलांना किनारा आणि मैदान पुरणार असेल, तर पासशिवायची व्हॅन निवडा आणि गावातल्या सार्वजनिक तलावाचं एका वेळचं तिकीट काढा.

तपासा: तीन व्हॅनचे एकूण आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहिलेत का? जाहिरातीतली सगळ्यात स्वस्त व्हॅन या कागदावर बऱ्याचदा दुसऱ्या क्रमांकावर येते.

५. बुकिंग आणि पैसे भरणं

पार्ककडून थेट घेतलीत तर क्रेडिट कार्डाने भरा आणि महिनाअखेरीस पूर्ण फेडा. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत कंपनी बुडाली किंवा सेवा मिळाली नाही तर कार्ड देणारी बँकही जबाबदार असते. हे कन्झ्युमर क्रेडिट कायद्यातलं कलम ७५. त्यासाठी अख्खी रक्कम कार्डाने भरावी लागत नाही, आगाऊ रक्कम कार्डाने भरली तरी चालतं.

खासगी मालकांच्या व्हॅन फेसबुकवर स्वस्त मिळतात आणि फसवणूकही तिथेच जास्त होते. पैसे पाठवण्याआधी हे करा:

मालकाचं नाव, पार्कचं नाव आणि व्हॅनचा प्लॉट क्रमांक मागा. पार्कच्या स्वागतकक्षाचा नंबर पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, मालकाने दिलेल्या नंबरावर विसंबू नका. ‘अमुक प्लॉट अमुक माणसाचा आहे का आणि त्याला भाड्याने देता येतो का’, एवढंच विचारा. पार्कवाले मालकाची माहिती सांगत नाहीत, पण प्लॉट क्रमांक खोटा असेल तर बहुधा तेवढ्यावरच कळतं. गॅस, वीज आणि पास भाड्यात आहेत का ते लेखी घ्या. सगळे पैसे आधीच बँकेतून पाठवा म्हणणाऱ्याला नमस्कार.

उरलेली रक्कम भरायची तारीख काही आठवडे आधीची असते. ती पगाराच्या आधी येते की नंतर, हे बुकिंगच्या क्षणीच बघा. आधी येत असेल तर फोन करून तारीख बदलून मागा. कधी कधी मिळते.

६. शिधा आणि सामान

एका पगाराची खरी बचत ओट्यावर होते. व्हॅनमध्ये गॅसची शेगडी असते, त्यामुळे घरी इंडक्शन असलं तरी साधा तवा आणि छोटा कुकर चालतो. जाड पोहे, भाजणी, मूगडाळ-तांदूळ घरून मोजून भरा. मसाल्याचा डबा अख्खा नेऊ नका. मोहरी, हळद, तिखट, गोडा मसाला छोट्या बरण्यांत न्या. दही, दूध, भाज्या तिथे घ्या, पण पार्कच्या दुकानातून नको. वाटेवरच्या आल्डी किंवा लिडलमध्ये थांबा. पार्कच्या दुकानात सोय असते, भाव नसतो.

पहिल्या रात्रीचं जेवण घरून शिजवून न्या. चारला चावी मिळते, सामान लावेपर्यंत सहा वाजतात, मुलं भुकेने रडकुंडीला येतात आणि समोर पिझ्झाचं दुकान दिसतं. पहिल्याच संध्याकाळी चाळीस पौंड गेले की पुढचा बेत ढेपाळतो.

बाकी सामानात चादरी, अभ्रे, टॉवेल, एक टॉर्च, चहाचं गाळणं, पावसाळी बूट आणि पत्ते. बारा वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला गाडीत योग्य सीट लागते. आजी-आजोबांना बसवायला म्हणून ती काढून ठेवू नका.

७. पोचल्यावरचा पहिला तास

सामान उघडायच्या आधी फोन काढा आणि प्रत्येक खोलीचे फोटो घ्या. गादीवरचा डाग, तडकलेलं भांडं, ओला कोपरा, सगळं. मग गरम पाणी येतं का, हीटर पेटतो का, शेगडीचे सगळे बर्नर चालतात का ते बघा. काही बिघडलेलं असेल तर त्याच संध्याकाळी स्वागतकक्षाला सांगा. निघायच्या दिवशी सांगितलेली तक्रार कोणी मनावर घेत नाही.

फोडणीचं प्रकरण नीट समजून घ्या. व्हॅनचं छत बुटकं असतं आणि धुराचा अलार्म शेगडीपासून चार पावलांवर. मोहरी तडतडली आणि हिंग पडला की तो किंचाळतो, आणि बाजूच्या व्हॅनमधले लोक खिडकीत येतात. उपाय साधा आहे. आधी शेगडीजवळची खिडकी उघडा, वरचा पंखा लावा, बेडरूमची दारं बंद करा, तेल धुरावेपर्यंत तापवू नका आणि मोहरी टाकताच झाकण ठेवा. मिरच्या तळायचा मोह घरी ठेवून या.

सावधान: अलार्मची बॅटरी काढू नका, त्यावर पिशवी किंवा मोजा बांधू नका. आणि जमिनीलगतचे, भिंतीतले झरोके गार वारा येतो म्हणून टॉवेलने बुजवू नका. ते झरोके गॅस साठू नये आणि ताजी हवा यावी म्हणूनच ठेवलेले असतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, आणि त्याचं बटण दाबल्यावर वाजतो का, हे झोपायच्या आधी बघा.

किटली आणि विजेचा हीटर एकदम लावला की फ्यूज बॉक्समधला स्विच पडतो. तो बॉक्स कुठे आहे हे उजेड असतानाच शोधून ठेवा.

८. तिथले दिवस

रोजच्या खर्चासाठी एकच कार्ड ठेवा आणि त्यात ठरलेली रक्कम आधीच टाका. मुलांना गेम्सच्या मशीनसाठी सुट्टीभराचे पैसे पहिल्याच दिवशी द्या आणि संपले की संपले, हे तेव्हाच सांगा.

पार्कमध्ये विक्रीवाले भेटतील. ‘दरवर्षी भाडं भरता, त्यापेक्षा स्वतःची स्टॅटिक का घेत नाही?’ म्हणून चहाला बोलावतील. चहा प्या, सही करू नका. स्टॅटिकची किंमत वर्षागणिक घसरते, जागेचं भाडं दरवर्षी भरावं लागतं, ठरावीक वयानंतर बऱ्याच पार्कमध्ये ती हटवावी लागते, आणि हॉलिडे पार्कमध्ये ती राहण्याचं कायमचं घर होऊ शकत नाही. एका पगारावर हा सौदा मला तरी कुठल्याच कोनातून पटत नाही.

९. टूरिंग घ्यायचीच असेल तर

दोन-तीन उन्हाळे भाड्याने राहून झालं, सगळ्यांना आवडलं, आणि वर्षातून अनेकदा जाणं होणार आहे, तरच.

आधी लायसन्स. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बाराच महिने गाडी चालवता येते, पुढे इथली परीक्षा द्यावी लागते. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कारच्या इथल्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. ओढताना कमाल वेग मोटरवेवर ताशी ६० मैल आणि दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ५०.

मग वजन. भरलेल्या व्हॅनचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावं, असा नवख्यांना सल्ला असतो. छोट्या हॅचबॅकमागे चौघांची व्हॅन बसत नाही. गाडीच बदलावी लागणार असेल तर विषय संपला.

मग जागा. नव्या वसाहतींत घरासमोर कॅरॅव्हॅन उभी करायला घराच्या करारातच मनाई असू शकते. तशी असेल तर दर महिन्याचं स्टोरेजचं भाडं, शिवाय विमा, वार्षिक सर्व्हिसिंग आणि टायर. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सात वर्षांत ते बदलावेच लागतात. हे सगळे आकडे वरच्या कागदावर मांडा आणि वर्षभराच्या रात्रींनी भागा. आलेला आकडा स्टॅटिकच्या एका रात्रीच्या भाड्याहून कमी असेल, तरच पुढे जा. कॅरॅव्हॅनवाल्यांच्या क्लबचं सभासदत्व घेतलं तर शेतांवरच्या छोट्या जागा स्वस्तात मिळतात. कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लबच्या अशा जागांवर एका वेळी पाचच व्हॅन असतात.

जुनी व्हॅन बघायला पाऊस पडून गेल्यावर जा. साधारण १९९२ नंतरच्या ब्रिटिश व्हॅनना नोंदणी क्रमांक असतो. तो खिडकीच्या काचेवरचा आणि चासिसवरचा, म्हणजे खालच्या सांगाड्यावरचा, जुळतो का ते पाहा. मग कपाटं उघडा, पुढच्या मोठ्या खिडकीखालचे दोन्ही कोपरे आणि पलंगाखालच्या भिंती अंगठ्याने दाबा, आणि नाक जवळ नेऊन वास घ्या. भिंत मऊ लागली किंवा कुबट वास आला, तर मालक कितीही भला वाटो, किंमत विचारायच्या आतच निघा.